आधी टाकीचं झाकण उघडून बघ

अगं, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला किती तरी वेळ झोप लागली नाही. चाळीस किका मारल्या म्हणालीस, पोटरी भरून आली म्हणालीस, ते मी ऐकून घेतलं. पण “मेकॅनिक म्हणतो, भंगारात देऊन टाका” हे सांगताना तुझा आवाज अडला, तेव्हा मला बाबांचा हात दिसला. सकाळी पार्किंगमध्ये उभं राहून सीटवरून पिवळं फडकं फिरवणारा. तुलाही तेच दिसत असणार.

म्हणून आज दुपारची कामं उरकून सगळं नीट लिहून काढतेय. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरायला होतं. हा कागद प्लगपान्याशेजारी ठेव.

पहिली गोष्ट, बाबांची स्कूटर मेलेली आहे हे मनातून काढून टाक. तूच सांगितलंस ना, चोक ओढला की ती चालू होते, आठ-दहा सेकंद फटफटते आणि चोक आत ढकलला की विझते. ते सांगताना तू रडकुंडीला आली होतीस, आणि मला इकडे हायसं वाटत होतं. जी गाडी दहा सेकंद का होईना चालते, तिच्या प्लगला करंट आहे, पिस्टनला दाब आहे आणि ठिणगी जवळपास वेळेवर पडतेय. हे सगळं बिघडलं असतं तर तिने तुला एवढीही साथ दिली नसती. उरतं काय, पेट्रोल आणि हवा. म्हणजे तुझी सगळी झटापट त्या तळहाताएवढ्या कार्बोरेटरशी आहे.

आता चोक काढल्यावरच का विझते ते सांगते, कारण एकदा हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्या चेतकच्या कार्बोरेटरमध्ये चोकला स्वतःची वेगळी वाट असते. चोक ओढलास की त्या वाटेने जास्तीचं पेट्रोल इंजिनात जातं. चोक बंद केलास की ती वाट मिटते, आणि एक्सलरेटर न पिळता गाडीला जगायचं असेल तर स्लो जेटच्या वाटेवर जगावं लागतं. स्लो जेट म्हणजे पितळेचा इवलासा तुकडा, आणि त्यातून आरपार गेलेलं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं भोक. बाबा गेल्यापासून दोन पावसाळे गाडी जागची हलली नाही. त्या काळात पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला आणि मागे राहिला तो चिकट, वार्निशसारखा थर. एवढ्याशा भोकाला बुजायला तेवढा पुरतो.

बाबा रोज सकाळी गाडी इंजिनाच्या बाजूला कलती करायचे, आठवतं? तुला वाटायचं, ते तिच्या कानात काहीतरी सांगतात. त्या काळी पुण्यात ज्याच्या दारात स्कूटर तो प्रत्येक माणूस हे करायचा. गाडी कलली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल सरकून इंजिनाकडे उतरतं आणि थंडगार इंजिनाला पहिला घोट मिळतो, म्हणजे चोकचंच काम. चांगल्या गाडीला ते चालतं. पण जेट बुजलेला असताना कलती करून करून चाळीस किका मारल्यास तर फक्त प्लग भिजतो. काल तेच झालं. तेव्हा आता किक मारणं थांबव. प्लग काढ, पुसून कोरडा कर, पेट्रोलचा कॉक बंद कर, किल्ली बंद ठेव आणि प्लगशिवाय आठ-दहा किका मार. आत साचलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येईल, तोंड जवळ नेऊ नकोस.

टाकीतलं पेट्रोल तर मुळीच ठेवू नकोस. झाकण उघडून वास घे. ताज्या पेट्रोलचा तिखट वास येण्याऐवजी आंबूस, रंगाच्या डब्यासारखा वास आला तर समज की ते जळायच्या लायकीचं राहिलं नाही. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. टाकीच्या तळाशीच तर कॉक आहे. बाबांच्या वेळच्या रबरी नळ्या या पेट्रोलसाठी बनलेल्याच नव्हत्या, त्या कडक होतात, चिरतात. तेव्हा कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी नवीनच टाक. शंभर-दोनशे रुपयांसाठी जीव गुंतवू नकोस. जुनं पेट्रोल गटारात ओतू नकोस, कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दे, तो पार्ट धुवायला वापरतो. टाकीत टॉर्चचा उजेड पाडून आत बघ, तळाशी गंज दिसला तर आधी टाकी धुवून घे, नाही तर तू साफ केलेला जेट आठवड्यात पुन्हा बुजेल.

नवीन पेट्रोल दोनच लिटर आण. आणि हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच: लिटरला वीस मिलिलिटर टू-टी ऑइल. दोन लिटरला चाळीस. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलबरोबर जे तेल जातं तेच पिस्टनला सांभाळतं. कुणाला गाडी घेऊन पंपावर पाठवलंस तर परत आल्यावर विचार, ऑइल टाकलं का? नुसत्या पेट्रोलवर चालवली तर पिस्टन जॅम होतो, आणि ते दुरुस्त करणं माझ्या कागदावरच्या सल्ल्याच्या पलीकडचं आहे.

आता कार्बोरेटर. हे काम मोकळ्या हवेत कर, पार्किंगमध्ये, सकाळी. घरात नको. देवघरातला दिवा, गॅस, खालच्या काकांची उदबत्ती, काहीही आसपास नको. स्टीलची वाटी घे, प्लास्टिकची विरघळून चिकट होते. डोळ्यांवर चष्मा लाव, कारण स्प्रे मारला की तो दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो.

इंजिनावरचा फुगीर पत्रा काढलास की एक काळा डबा दिसेल. त्याच्या झाकणाला दोन स्क्रू. झाकण काढलं की आत हवेची जाळी, तिलाही दोन लांब स्क्रू. जाळी उचललीस की खाली कार्बोरेटर. चेतकची एक गोष्ट मला फार आवडते, मेन जेट आणि स्लो जेट दोन्ही वरूनच स्क्रूड्रायव्हरने निघतात, अख्खा कार्बोरेटर खाली उतरवावा लागत नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र खाचेत घट्ट बसणारा घे. पितळ मऊ असतं, लहान टोकाने पिळलंस तर खाच झिजते आणि मग रडू येतं. जेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ. दोन्ही जेट उजेडाकडे धरून बघ. मेन जेटची उभी नळी आहे, तिचे तीन तुकडे होतात, मधल्या तुकड्याला बाजूने बारीक भोकं असतात, ती सगळी उघडी दिसली पाहिजेत. स्लो जेटमधून आकाश दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर हाच आपला गुन्हेगार.

त्यात तार घालू नकोस. टाचणी नको, गिटारची तार नको, झाडूची काडीही नको. तारेने भोक केसभर मोठं झालं तरी जेटचं मापच बदलतं आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल जास्त पिते. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मार, वाटीत तासभर भिजत ठेव, पुन्हा मार. (रबरी वॉशर त्या वाटीत टाकू नकोस, ते फुगतात.) मग दोन्ही जेट रुमालात बांधून पंक्चरवाल्याकडे जा आणि दहा सेकंद हवा मारायला सांग. टायरची हवा हा जेटवरचा सगळ्यात चांगला उपाय आहे. मी आजवर बघितलेले बहुतेक जेट त्याच हवेने उघडलेत.

कार्बोरेटर उतरवावा लागलाच, तर परत बसवताना त्याचे उभे बोल्ट आवळून आवळून पिळू नकोस. त्या नरम धातूला पीळ बसतो आणि आतली स्लाइड अडकायला लागते. फ्लोटवरची लहानशी नीडल काढून तिचं टोक बघ. टोकाला चरा पडला असेल तर पेट्रोल थांबतच नाही, डबा भरून खाली ठिपकत राहतं आणि सकाळी पार्किंगभर वास सुटतो. हवेची जाळी पेट्रोलमध्ये धुवून वाळव. डब्याच्या मागच्या बाजूला मिश्रणाचा स्क्रू आहे, तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर आण. तिथून सुरुवात करायची. गाडी गरम झाल्यावर पाव-पाव फेरा इकडेतिकडे करत कानाने ठरवायचं, जिथे आवाज सगळ्यात गोल आणि शांत येतो तिथे थांबायचं. तुझा कान गाण्याचा आहे, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

हे सगळं झाल्यावर ती चालू होईल, याची मला जवळपास खात्री आहे. पण चालू झाली आणि चार-पाच किलोमीटरवर बंद पडली तर घाबरू नकोस, आणि लगेच कार्बोरेटर पुन्हा उघडू नकोस. तिथे माझी एक जुनी गोष्ट आहे, ती तुला कधी सांगितली नाही.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बाबांनी ही गाडी मला दिली होती. सदाशिव पेठेतून निघायचे आणि विद्यापीठ चौकाच्या आसपास ती रोज बंद पडायची. दहा मिनिटं बाजूला उभी केली की आपोआप चालू. मेकॅनिकने आधी प्लग बदलला. मग कंडेन्सर. मग कॉइल. मग कार्बोरेटरच नवा घ्या म्हणाला. बाबा दर वेळी पाकीट उघडायचे आणि काही बोलायचे नाहीत, पण त्या महिन्यात त्यांना स्वतःसाठी चष्मा करायचा होता तो त्यांनी पुढे ढकलला, हे मला आईने नंतर सांगितलं. मी फार अस्वस्थ झाले होते. एके दिवशी अशीच बंद पडलेली असताना रस्त्याकडेला एक म्हातारे मिस्त्री पंप दुरुस्त करत बसले होते. ते उठले, सीट उचलली आणि टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली. “आता मारा किक,” म्हणाले. एका किकेत सुरू.

झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला हवी. त्याच्या महिनाभर आधी झाकणाचं रबर बदललं होतं, त्या नव्या रबराने ते भोक झाकलं होतं. टाकीत पोकळी तयार व्हायची, पेट्रोल खाली उतरायचं थांबायचं. थोडा वेळ थांबलं की हवा कुठून तरी झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. तीन पार्ट बदलले, आणि दुखणं एका वॉशरमध्ये होतं. चेतकमध्ये पेट्रोलचा पंप नसतो, सगळं वरून खाली आपल्या वजनाने येतं, त्यामुळे ही वाट मोकळी असणं फार महत्त्वाचं. तेव्हापासून चालती गाडी बंद पडली की मी आधी टाकीचं झाकण उघडून बघते. तूही बघ.

झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर तिथेच, गाडी गरम असताना, करंट तपास. घरी आणून थंड झाल्यावर तपासू नकोस, तोवर चोर पळालेला असतो. प्लग काढ, टोपीत बसव, प्लगचा धातू इंजिनाच्या अंगाला टेकव, प्लगच्या भोकापासून लांब ठेव आणि किक मार. निळी, टच्च वाजणारी ठिणगी असेल तर करंट ठीक. पिवळट, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर कंडेन्सर किंवा कॉइल गरम झाल्यावर हात टेकते. १९८४ सालची गाडी आहे, तिच्यात पॉइंट आहेत. पॉइंट म्हणजे मॅग्नेटच्या आत उघडमीट करणारे दोन छोटे धातूचे ओठ. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून पुसायचे आणि ०.४ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवायची. फीलर गेज बाबांच्या खोक्यात आहे, तपकिरी रेक्झिनच्या कव्हरमध्ये. प्लगची फट ०.६.

प्लगचा रंग बघायला शीक. ती बाबांनी मला दिलेली सगळ्यात मोठी विद्या. दहा-पंधरा मिनिटं नीट चालवून बंद कर आणि प्लग काढून बघ. टोक कॉफीसारखं तपकिरी असेल तर सगळं जागच्या जागी आहे. काजळीसारखं काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जातंय, चोक पूर्ण आत गेलाय का बघ. आणि पांढरंफटक, करपलेलं असेल तर तिथेच थांब. याचा अर्थ हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन आतून तापतंय. त्याबरोबर गाडी आपोआप रेस व्हायला लागली, एक्सलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना, तर कुठून तरी बाहेरची हवा आत शिरतेय, गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून. पांढऱ्या धुराचा लोट निघत असेल तर क्रँकचं गिअरच्या बाजूचं सील गेलंय आणि गिअर ऑइल जळतंय. सीलचं काम इंजिन खोलून करायचं असतं, ते घरी करायचं नाही. चालवत राहू नकोस, टेम्पोत घालून गॅरेजला ने.

सुरू होते, गोल चालते, पण ओढत नाही, चढावर जीव जातो, असं झालं तर सायलेन्सर बघ. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर तेलाच्या काजळीने आतून भरतो. उभ्या गाडीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घरही करते, शेवटच्या भोकात एक काडी घालून बघ.

आता मेकॅनिकविषयी. तो भंगारात द्या म्हणाला याचा राग धरू नकोस. आजच्या पोरांनी कार्बोरेटर फारसे हाताळलेले नसतात, त्यांच्यासमोर अशी गाडी आली की ते गोंधळतात. चेतक १९७२ सालापासून आकुर्डीत बनायला लागली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. एक काळ होता की नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, बाबांनीही बघितली. पुढे पेट्रोलवरची चेतक बंद झाली. पण इतक्या गाड्या रस्त्यावर होत्या की पार्ट आजही मिळतात. नाना पेठेत जा, जुना पार्ट हातात घेऊन जा, नुसतं नाव सांगू नकोस. पन्नाशी-साठीचा मिस्त्री शोध. त्याच्याजवळ बस, लाजू नकोस, “काका, हे काय करताय, मला दाखवा” म्हण. मी म्हटलं आणि आजवर एकाही जुन्या मिस्त्रीने मला हाकललेलं नाही. फक्त दोन गोष्टी आधीच ठरवून सांग: एका वेळी एकच पार्ट बदला आणि बदललेला जुना पार्ट मला परत द्या. एकदम चार बदलले तर कशाने बरं झालं ते कुणालाच कळत नाही. ज्या वर्षी कॉइल, कंडेन्सर सगळं बदललं, त्या वर्षी मला हे सांगणारं कुणी नव्हतं.

आणि कागदपत्रं बघ. पंधरा वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते पाच वर्षांसाठीच मिळतं. बाबांनी शेवटचं कधी केलं ते आरसी बुकावर असेल. विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय गल्लीच्या बाहेर काढू नकोस.

चालायला लागली की रोज संध्याकाळी घराच्या थोडं अलीकडे कॉक बंद करत जा. कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळून जातं आणि जेटमध्ये काही साचत नाही. आठवडाभर कुठे जाणार असशील तर हे नक्की कर.

शनिवारी सकाळी आठला मला व्हिडिओ कॉल लाव. वाटी, चष्मा, प्लगपाना, रुमाल घेऊन बस. झाकणाचे स्क्रू तू काढ, मी बघते. डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना प्लग सापडेल, त्यावर बाबांच्या अक्षरात तारीख आहे. तो फेकू नकोस, चालू प्लगच्या शेजारी ठेव. आणि जेट बसवून झाल्यावर चोक आत असताना तिने पाच मिनिटं दम धरला, तर लगेच फिरायला निघू नकोस. तशीच उभी राहू दे, आणि फोन थोडा तिच्याजवळ धर. मला तिचा आवाज ऐकायचाय.